लेकुरवाळीचा हात

कोंबडी खुडूक झाली की आधी तिचा आवाज बदलतो. एरवीचा कलकलाट जातो आणि घशातल्या घशात एक जाड, नाराज कुडकुड सुरू होते. जवळ गेलं की अंग फुगवते, हात घातला की टोचते. खाली अंडं नसलं तरी बसते. अंडं काढून घेतलं तर विटेच्या तुकड्यावर बसते, तोही काढला तर नुसत्या मातीवर. आमच्याकडे कामधंदा सोडून घरी बसलेल्या माणसालाही लोक खुडूक म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. तहानभूक विसरून असं बसून दाखवावं त्या माणसानं, मग म्हणावं.

माझं लग्न झालं तेव्हा सासरी हातमाग होता. सुताला लावायच्या खळीसाठी रोज भात शिजायचा आणि भांड्याला चिकटलेला भात खरवडून कोंबड्यांना जायचा. कोंबड्यांवर राज्य सासूबाईंचं, आणि राबणं माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. खुराडं साफ करायच्या त्या, दाणे टाकायच्या त्या, मांजर आलं की काठी घेऊन धावायच्या त्याच. जाऊबाईंना मूल नव्हतं. मी हे एका वाक्यात लिहून मोकळी झाले. त्या घरात मात्र ते रोज निरनिराळ्या तऱ्हेनं बोललं जायचं, कधी देवासमोर, कधी नुसतं भांडं आपटून.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, तर ती लेकुरवाळीच्या हातानं, म्हणजे जिच्या मांडीवर लेकरू आहे तिच्या हातानं, असा सासूबाईंचा दंडक होता. नाहीतर अंडी वांझ निघतात म्हणे. जाऊबाई टोपलीत तणस पसरायच्या, अंडी एकेक उजेडात धरून निवडायच्या, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवायच्या. सगळं मांडून झालं की दोन पावलं मागं सरकून उंबऱ्याशी उभ्या राहायच्या. मग मला हाक. मी शाळेत निघायच्या गडबडीत, एका खांद्यावर पर्स, तशीच खाली बसायची आणि अंडी कोंबडीखाली सरकवायची. ना मला कोंबड्यांतलं काही कळत होतं, ना त्यांचा लळा होता. पोरगा झाला होता, एवढीच माझी लायकी. पिल्लं निघाली की सासूबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या हाताचं कौतुक करायच्या, आणि जाऊबाई खाली मान घालून पिल्लांसमोर तांदळाची कणी टाकत असायच्या.

पिल्लं नको असतील तेव्हा कोंबडीचं खुडूकपण मोडावं लागतं, नाहीतर ती अंडी देत नाही. ते काम जाऊबाईंचं. कोंबडीला पाण्याच्या टाक्यात बुचकळायचं, ओलीचिंब तशीच उघड्यावर सोडायची. तेवढ्यानं नाही भागलं तर तिचंच एक पीस तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालायचं. मग ती ते पीस झटकायच्या नादात दिवसभर मान हलवत फिरते आणि बसणं विसरते. जाऊबाई हे करायच्या तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवायचा नाही. बसवायचा मान माझा आणि उठवायचं पाप त्यांचं, अशी ती वाटणी होती. सासूबाईंना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. नवऱ्याला एकदा बोलून पाहिलं, तर तो म्हणाला की कोंबड्यांवरून घरात भांडण कशाला.

माझी शाळा लकडगंजकडे होती. सकाळी निघायची ती दुपार टळल्यावर यायची. माझी दोन्ही पोरं जाऊबाईंच्या कडेवर वाढली. त्यांचे गोवर, त्यांचे पाढे, त्यांचे रुसवेफुगवे काढणं, सगळं त्यांनी केलं. पोरं त्यांना मोठी आई म्हणायची आणि ताप आला की माझ्याकडे न येता तिकडेच जायची. त्याचं मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंच्या हिशेबात ही लेकरं जाऊबाईंच्या खात्यावर कधी चढली नाहीत.

पुढं मागाचं काम संपलं. भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, गेले, मग सासूबाई गेल्या. पोरं मोठी होऊन पुण्याला लागली. आम्ही हुडकेश्वरला प्लॉट घेऊन घर बांधलं आणि जाऊबाई आमच्यासोबत आल्या, येताना चार कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन. नव्या लेआऊटच्या वस्तीत कोंबडा काही टिकला नाही. शेजारच्या निवृत्त साहेबांची झोप मोडायची. त्यांनी इतक्या नम्रपणे आणि इतक्या वेळा सांगितलं की शेवटी नवऱ्यानं तो उमरेडकडच्या त्याच्या चुलतभावाकडे नेऊन सोडला. कोंबड्या राहिल्या. कोंबड्याविना त्यांची अंडी खायच्या कामाची होती, उबवायच्या नाही.

पोळ्याच्या सुमारास जाऊबाईंचं दुखणं कळलं. गाठ बरीच आधीची होती. त्यांना ती माहीत होती आणि त्यांनी सांगितली नव्हती. काहून नाही सांगितलं, म्हणून मी चिडून विचारलं, तर म्हणाल्या की तुझ्या रिटायरमेंटचं वर्ष होतं, कुठं त्यात घोर लावायचा. असल्या चांगुलपणाचा मला राग येतो. अजूनही येतो. केमो सुरू झाली आणि दसऱ्याच्या आसपास त्यांचे केस जायला लागले. आधी उशीवर, मग कंगव्यात, मग नुसता हात फिरवला तरी मुठीत यायचे.

नेमक्या त्याच दिवसांत कोंबड्या पिसं गाळायला लागल्या. दरवर्षीच गाळतात. ऑक्टोबरच्या उन्हात मानेपासून सुरुवात होते, मग पाठ, मग शेपूट, आणि चांगली धडधाकट कोंबडी अर्धी सोललेली दिसायला लागते. अंडी बंद होतात. कोपऱ्यात उभ्या राहतात, कुणी हात लावलेला खपत नाही, कारण नवं पीस फुटताना दुखतं. सकाळी मी आधी जाऊबाईंची खोली झाडायची आणि मग मागचं अंगण, आणि सुपलीत केस आणि पिसं एकत्र जमायची. एकदा ते त्यांच्या नजरेला पडलं. त्यांनी हसून सांगितलं की कोंबड्यांची थंडीपर्यंत परत येतात. मी सुपली घेऊन पुढच्या दारानं गेले आणि फाटकाशी उभी राहून रडले.

शेजारच्या बाईंना उघड्या मानेच्या कोंबड्या दिसल्या आणि लेआऊटभर साथीची कुजबुज झाली. कुणीतरी नवऱ्याला सुचवलं की विल्हेवाट लावून टाका. मी त्या बाईंना घरी बोलावून, कोंबडी हातात धरून, मानेवर फुटलेली नव्या पिसांची टोकं दाखवली. त्यांनी लांबूनच मान डोलावली. जाताना त्यांची नजर जाऊबाईंच्या डोक्यावरच्या रुमालावर गेली आणि तिथंही त्या तशाच लांबून मान डोलावून गेल्या.

चारातली एक करडी तेवढी पिसं धरून होती. आणि ती खुडूक झाली. मोडक्या टोपलीत जाऊन बसली ती उठेना. मी बादली भरली. माझ्या मनात कोंबडी वाचवण्याबिचवण्याचं काही नव्हतं, घरात एक आजारी माणूस असताना आणखी एक न खाता बसलेला जीव मला नको होता, एवढंच. मी करडीला उचलून बादलीपाशी आणली आणि खिडकीतून जाऊबाईंनी थांबवलं.

"नको बुचकळू वं तिले," त्या म्हणाल्या. "बसू दे." मी म्हटलं की बसून करेल काय, खाली काही नाही. मग म्हणाल्या, "उमरेडहून अंडे आनले तर? एक डाव माह्या हातानं बसवून पायीन."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात बराचसा राग होता. सासूबाई भिंतीवरच्या फोटोत हार घालून बसल्या होत्या. त्यांना दाखवूनच ही अंडी बसवायची, असं मी ठरवलं. जाऊबाईंच्या हातची पिल्लं या अंगणात फिरतील आणि त्या त्यांना बघून जातील. हो, जातील, हे तोपर्यंत डॉक्टरांच्या बोलण्यावरून मला कळून चुकलं होतं.

नवरा दुसऱ्याच दिवशी उमरेडला जाऊन अंडी घेऊन आला. गव्हाच्या डब्यात खोचून, स्कूटरवर मांडीत धरल्यासारखी जपून आणली होती. आणि जाऊबाई म्हणाल्या, आता नाही. दिवाळी तोंडावर होती, अमावास्या मध्ये पडत होती. अमावास्येच्या आधी अंडी बसवत नाहीत, सासूबाई बसवू देत नव्हत्या. माझं डोकंच फिरलं. ज्या बाईच्या नियमांनी यांना आयुष्यभर उंबऱ्याशी उभं ठेवलं, तिचा नियम मोडायला निघालो आणि मुहूर्त तिचाच पाळायचा. मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की पहिल्यांदाच करून राहिलो, तर रीतीनं करू.

डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला. जुन्या घरीही अंड्यांचा डबा फळीवरच असायचा, मांजराच्या आवाक्याबाहेर. फक्त जुन्या घरी ती फळी आतल्या अंधाऱ्या, थंड खोलीत होती आणि इथं गॅसच्या वर. त्या फळीखाली मी शेव तळली, चिवडा केला, शंकरपाळे तळले. बाहेर ऊन आणि आत कढई. आमच्यापैकी कुणाच्याही ते डोक्यात आलं नाही. पोरं येणार म्हणून मी यंदा जरा जास्तच फराळ केला होता, मोठी आईसाठी येणार होती ती.

भाऊबीज झाली, पोरं परत गेली आणि अंडी बसवायचा दिवस उगवला. डॉक्टरांनी जाऊबाईंना जनावरं, पक्षी यांच्यापासून लांब राहायला सांगितलं होतं, अंगात काही लढायला उरलं नव्हतं म्हणून. नवऱ्यानं मेडिकलमधून रबरी हातमोजे आणले. जाऊबाईंनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि बाजूला ठेवले. हातमोजा घालून बसवलं तर हात कोनाचा म्हणायचा, असं त्यांनी विचारलं. तोंडाला मास्क लावायला मात्र कबूल झाल्या.

मी तणस पसरलं. खिळा त्यांनी स्वतः शोधून आणला. करडी टोपलीत फुगून बसली होती. पहिलं अंडं हातात घेऊन जाऊबाई तिच्यापुढं वाकल्या आणि तशाच राहिल्या. त्यांनी अंडं माझ्यापुढं केलं आणि नजरेनंच सांगितलं की तूच ठेव. मी दोन्ही हात पाठीमागं धरले आणि दोन पावलं मागं सरकले. मागं दार होतं, त्याच्या उंबऱ्याला माझी टाच लागली. बऱ्याच वेळानं त्यांनी अंडी ठेवली, एकेक करून. करडीनं त्यांना टोचलं नाही. चोचीनं अंडी पोटाखाली ओढून घेतली.

पुढचे दिवस त्या रोज मागच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. करडी दिवसातून एकदा उठायची, पाणी प्यायची, चार दाणे टिपून घाईघाईनं परत जायची. तेवढ्यात अंडी गार होतील म्हणून जाऊबाईंचा जीव खालीवर व्हायचा. त्यांना जेवण जात नव्हतं, पण कोंबडी जेवली का, हे त्या दहादा विचारायच्या. पुण्याच्या पोरांना फोनवर करडीचं वर्तमान जायचं. बाकीच्या कोंबड्यांना एव्हाना नवी पिसं आली होती, लकाकणारी. जाऊबाईंच्या डोक्यावर काही आलं नव्हतं.

बसवलेल्या अंड्यांना परत हात लावायचा नाही, हाही जुनाच नियम, आणि जाऊबाई तो पाळत होत्या. मी कशाला पाळू? दहाबारा दिवसांनी, त्या आत झोपलेल्या असताना, करडी दाण्यांवर आली तशी मी टोपलीपाशी गेले आणि एक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरलं. आत जीव धरला असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं, हे पोरानं मला कधीतरी व्हिडिओत दाखवलं होतं. अंडं स्वच्छ उजळलं. दुसरं धरलं, तिसरं धरलं. एकात काळपट ठिपका होता, चिकटून वाळलेला. बाकी कशातच काही नव्हतं. मी सगळी जशीच्या तशी ठेवली आणि करडी येऊन त्यांच्यावर पुन्हा बसली.

तेव्हा मला ती फळी आणि ती कढई आठवली. कारण अगदी साधं होतं. पण ते साधं कारण घेऊन जाऊबाईंकडे जायची माझी हिंमत झाली नाही. मी शंभर वेळा गॅसचं नाव घेतलं असतं तरी त्यांनी स्वतःच्या हाताकडेच पाहिलं असतं. आणि फोटोतली बाई जिंकली असती, हे मला सहन होणारं नव्हतं.

दिवस भरत आले तशी मी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात गेले. पिल्लं विकणारा टोपली घेऊन बसला होता. त्यानं गावरान म्हणून जी दिली ती पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणली. वाटेत मी स्वतःची समजूत घालत होते की कोंबडी काही विचारत नाही कुणाची म्हणून, पंखाखाली आलं ते तिचं. जाऊबाईंनी तरी माझ्या पोरांच्या बाबतीत कधी विचारलं होतं? तिन्हीसांजेला, त्या आत दिवा लावत असताना, मी करडीखालची अंडी काढली आणि लिंबाच्या झाडाशी पुरली. एक हातातच फुटलं आणि असा वास आला की माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या वासाचं की कशाचं, मला कळलं नाही. मग एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवलं. करडी कुडकुडली, हलली आणि पंख सैल करून बसली. स्वयंपाकघरातली दोनचार टरफलं चुरून मी टोपलीत टाकली.

सकाळी नवऱ्यानंच आधी पाहिलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो जाऊबाईंना हात धरून घेऊन आला. पिल्लं करडीच्या पंखांतून डोकी काढत होती. जाऊबाई खुर्चीवर बसल्या आणि बघत राहिल्या. नवऱ्यानं पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. पोरं तिकडून मोठी आईच्या हातचं कौतुक करत होती. थोरला म्हणाला की आजी असती तर तिला चांगलं दाखवलं असतं. जाऊबाई हसल्या, पिल्लू हातात घेऊन फोनसमोर धरलं. मला वाटलं, जमलं.

नवरा अंघोळीला गेला तेव्हा आम्ही दोघीच राहिलो. पिल्लू अजून त्यांच्या तळहातावर होतं. त्यांनी एका बोटानं त्याचा पंख अलगद उलगडला.

"याच्या पंखाले पिसं फुटले हायेत," त्या म्हणाल्या. "हे आज निघालेलं नोहे." अंडी कुठं टाकली म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी लिंबाकडे बोट दाखवलं. मग मी सुटलेच. फळी, गॅस, शेव, ऊन, अमावास्येपायी गेलेले दिवस, टॉर्चमध्ये दिसलेला तो ठिपका, सगळं धडाधडा सांगितलं. हाताचा काही संबंध नाही, कुणाच्याही हातानं ठेवली असती तरी हेच झालं असतं. मी शाळेत कच्च्या पोराला समजवावं तसं पुन्हा पुन्हा समजावत होते. त्यांनी मला थांबवलं नाही. पिल्लू खाली सोडलं, ते धावत करडीखाली गेलं.

"बजारातून आनले, त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पन हे तिच्याखाली ठेवले कोनं? तूनंच नं?"

मी हो म्हणाले.

"मंग आताबी तुह्याच हातानं झालं वं."

त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि थोपटला. लेकुरवाळीचा हात चांगलाच असतो, सासूबाई काही खोटं नव्हत्या बोलत, असं त्या अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, जसं काही माझंच सांत्वन करायचं होतं. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सोसला असता.